सतरा नंबरचा देश

"जाणीव दिसली पाहिजे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"कुठे?" गोष्टीच्या बाईंनी विचारलं.

"भिंतीवर. शनिवारी पालक येणार, समिती येणार. वर्षभर तुम्ही मुलांना देशोदेशीच्या गोष्टी सांगताय. वेगळी माणसं, वेगळ्या रीती, याची जाणीव झाली असेल ना मुलांना?"

"झाली असेल."

"मग ती कागदावर उतरवा आणि कागद भिंतीवर लावा. नुसतं सांगून कोण विश्वास ठेवतं?"

गोष्टीच्या बाई खरं तर भाषेच्या बाई. आठवड्यातला एक शेवटचा तास असा होता, की त्या तासाला मुलं शरीरानं वर्गात आणि मनानं फाटकाबाहेर असत. तो कुणालाच नको होता, म्हणून त्यांच्या गळ्यात पडला. नकोशा गोष्टी त्यांच्या गळ्यात पडायला कारण होतं. त्या हंगामी होत्या. पाच वर्षं. दरवर्षी उन्हाळ्यात एक कागद मिळायचा, 'आपली सेवा संपली', आणि सुट्टीनंतर दुसरा, 'आपली सेवा सुरू'. या वर्षी मात्र एक जागा रिकामी झाली होती. गोष्टींचा तास ठेवायचा की गणिताला द्यायचा, आणि बाईंना कायम करायचं की नाही, हे दोन्ही प्रश्न समितीपुढच्या एकाच कागदावर एकाखाली एक लिहिले होते. निकाल शनिवारी संध्याकाळी पाच वाजता.

म्हणजे जाणीव दिसायलाच हवी होती.

देशाची ओळख

मंगळवारी बाई सहावीच्या वर्गात गेल्या.

"बेटावरची गोष्ट आठवते? त्यातून काय कळलं?"

"बाई, ते लोक वेडे आहेत."

"का?"

"माणूस मेला तरी वर्षभर त्याची खुर्ची जेवायला मांडतात. आणि खुर्चीला वाढतात पण!"

"बरं, डोंगरातले लोक?"

"ते पण वेडे. स्वतःच्याच घरात शिरताना दाराला विचारतात, येऊ का?"

"आणि तुम्ही?"

वर्ग गोंधळला. हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

"आम्ही काय, बाई? आम्ही नॉर्मल."

आठवड्याला पस्तीस मिनिटांचा एक तास, या हिशेबानं वर्षभरात झालेली जाणीव ही एवढीच. बाईंनी फळ्याकडे पाहिलं, खडू उचलला, आणि ज्या कल्पनेनं पुढे एका दाताच्या डॉक्टरांचं रक्त आटवलं ती कल्पना फळ्यावर लिहिली: 'माझं घर हा एक परका देश आहे.'

"असं समजा, तुम्ही प्रवासी आहात. तुमच्या घरात पहिल्यांदाच आलात. तिथले लोक काय करतात, काय खातात ते सोडा, काय बोलतात, कधी गप्प बसतात, सगळं लिहायचं. नावं नाहीत. आई, बाबा, आजी हे शब्दसुद्धा नाहीत. राजा म्हणा, राणी म्हणा, तिथले लोक म्हणा. आपण बेटावरच्यांना ओळखत नाही ना? मग आपल्यालाही कुणी न ओळखता वाचू दे."

"पण बाई," एक मुलगी उभी राहिली. तिचं प्रत्येक वाक्य असंच सुरू होई, म्हणून वर्ग तिला 'पणबाई' म्हणे. "म्हणजे नेमकं कसं? एक लिहून दाखवा ना."

बाईंनी त्या संध्याकाळी घरी बसून एक नमुना लिहिला. घरात पडद्यांच्या रंगावरून चाललेला वाद तेव्हा दहाव्या दिवसात शिरला होता, त्यामुळे पेनला आपोआप धार आली. पाऊण तासात पान भरलं. बुधवारी वर्गात त्यांनी त्यातल्या पहिल्या दोन ओळी वाचून दाखवल्या, पुढच्या ओळींवर नजर फिरवली, घसा साफ केला आणि कागद घडी करून ठेवला.

"असं लिहायचं," त्या म्हणाल्या. "पण स्वतःचं."

लोक आणि त्यांच्या सवयी

बुधवारी संध्याकाळी गावातल्या अनेक घरांत एक विचित्र शांतता पसरली. दाताचे डॉक्टर सोफ्यावर आडवे झाले, तर समोर स्टुलावर त्यांचा मुलगा वही घेऊन बसलेला.

"काय लिहितोयस?"

"काही नाही. तुम्ही करा तुमचं."

"काय करू?"

"रोज करता ते. मी इथे नाहीये असं समजा."

डॉक्टर उठून बसले. रोज आपण नक्की काय करतो, हे त्यांना आठवेना. शेवटी त्यांनी कधी नव्हे ते झाडांना पाणी घातलं. मुलानं ते लिहिलं आणि खोडलं.

गुरुवारी कागदांचा गठ्ठा जमला. बाई तो घरी घेऊन गेल्या, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि वाचता वाचता हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

'या देशात न्हाणीघर एकच आहे. सकाळी तिथे युद्ध होतं. जो आधी दारावर टॉवेल टाकतो, त्याचा प्रदेश.'

'इथला राजा सकाळी पेपर उघडतो आणि सगळे चोर आहेत असं म्हणतो. मग बाहेर जातो. संध्याकाळी परत येऊन पुन्हा तेच म्हणतो. मधल्या वेळात काय होतं याची माहिती मिळाली नाही.'

'फोनवर बोलताना इथले लोक गोड आवाज वापरतात. तो आवाज घरात वापरायला मनाई असावी.'

'इथली जुनी राणी बिस्किटं लपवते. जागा सगळ्यांना माहीत आहे. तरी सगळे तिला विचारतात, बिस्किटं कुठे गेली? ती म्हणते, मला काय माहीत. हा इथला राष्ट्रीय खेळ आहे.'

बाईंनी शेवटचा कागद ठेवला, डोळे पुसले आणि गठ्ठा तसाच टेबलावर सोडून त्या झोपायला गेल्या. त्यांचा नमुनाही त्याच गठ्ठ्यात होता. हे त्यांना त्या वेळी आठवलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

दळणवळण

शुक्रवारी मोठ्या बाईंनी कागद पाहिले आणि नाक मुरडलं.

"हे काय अक्षर? मुंग्या शाईतून चालत गेल्यासारखं! पालकांना वाचता तरी यायला हवं. सगळं टाइप करून घ्या."

गठ्ठा कारकुनांकडे गेला. कारकून एका बोटानं टाइप करत आणि समोर काय लिहिलंय ते वाचत नसत. वाचलं की चुका होतात, असा त्यांचा बत्तीस वर्षांचा अनुभव होता. त्यांनी गठ्ठ्यातला प्रत्येक कागद, जसा हाती आला तसा, संध्याकाळपर्यंत उतरवून काढला. उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत हजेरी क्रमांकही टाकले, ज्यावर होते त्यावर.

मग टाइप केलेले कागद शाळेच्या शिपायांकडे, मामांकडे गेले. मामांचा स्वभाव असा, की वाकडी कडा दिसली की त्यांना घास उतरत नसे. त्यांनी कागद कापायचं यंत्र काढलं आणि सगळ्या कागदांची उजवी बाजू बोटभर छाटली. हजेरी क्रमांक टोपलीत पडले. त्यांच्या जागी मामांनी लाल शाईनं, ठसठशीत, भिंतीवर लावायच्या क्रमानं आपले आकडे घातले.

"आता कसं," ते लांब उभं राहून भिंतीला म्हणाले.

परकीय आक्रमण

शनिवारी तीन वाजता पालक आले. पहिला अर्धा तास फार छान गेला. माणसं भिंतीपुढून सरकत होती, एकमेकांना कोपरानं ढोसत होती, खिदळत होती.

"अगंबाई, टॉवेल टाकून जागा अडवतात म्हणे!"

"असे पण लोक असतात?"

"वेडे असतात हो एकेक."

मोठ्या बाई खूश होत्या. जाणीव दिसत होती, शिवाय हसत होती. गोष्टीच्या बाई दाराशी उभ्या राहून नमस्कार स्वीकारत होत्या. तेवढ्यात त्यांना समोरून एक ओळखीची पर्स येताना दिसली, आणि पर्सच्या मागे सासूबाई.

"आई? तुम्ही इथे कशा?"

"घरी बसून काय करू?" सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

पाच वर्षांत त्या या शाळेत एकदाही आल्या नव्हत्या. त्यांनी सावकाश सगळी भिंत पाहिली. एका ठिकाणी जरा जास्त थांबल्या. मग खिडकीखालच्या शेवटच्या बाकावर, पर्स मांडीवर घेऊन, बसून राहिल्या.

हसण्याचा आवाज भिंतीच्या मधोमध येऊन बंद पडतोय, हे बाईंच्या लक्षात यायला आणखी पाच मिनिटं गेली. तिथे माणसं थांबत, वाचत, आणि मान खाली घालून पुढच्या कागदाकडे जात. दोघं-तिघं परत येऊन पुन्हा वाचत होते. बाई गर्दीतून पुढे गेल्या. लाल शाईत सतरा. खाली:

*देशाचं नाव:* सांगायची परवानगी नाही.

*लोकसंख्या:* नक्की मोजता आली नाही. मोजायला गेलं की कुणी तरी रागावून दुसऱ्या खोलीत गेलेलं असतं.

*राज्यकारभार:* इथे दोन राण्या आहेत. एक बोलते, दुसरी बोलत नाही. जी बोलत नाही तिचं चालतं.

*भाषा:* प्रवाशांनी शब्दकोश जवळ ठेवावा. 'बघू' म्हणजे नाही. 'मला काय, तुम्ही ठरवा' म्हणजे ठरलेलं आहे. 'बरं' म्हणजे युद्ध. 'काही नाही' म्हणजे पुष्कळ काही.

*पुरुष:* वाद सुरू झाला की इथला पुरुष पाण्याची मोटर बघायला जातो. या देशात मोटर नाही.

*संपत्ती:* चांगले कप वरच्या फळीवर असतात. ते खास पाहुण्यांसाठी आहेत. हे पाहुणे अजून यायचे आहेत. रोजचे कप फुटून मरतात, चांगले कप म्हातारे होऊन.

*हवामान:* पडद्यांमुळे ढगाळ.

बाईंनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. सासूबाई पर्सची कडी उघडत होत्या. बंद करत होत्या. उघडत होत्या.

"बाई, जरा इकडे." दाताचे डॉक्टर कानाशी आले. ते समितीचे अध्यक्ष होते आणि एरवी माणसाला तोंड उघडायला लावणारे, पण आत्ता त्यांचंच उघडत नव्हतं. "ते सतरा नंबर काढता का?"

"का हो, डॉक्टर?"

"नाही, म्हणजे, तिथे उजेड कमी आहे. लोकांच्या डोळ्यांना त्रास."

"तुम्हाला वाचता आलं?"

"पाठ झालं," डॉक्टर म्हणाले. मग आवाज आणखी खाली आणून, "बाई, माझा मुलगा चांगला आहे हो. पण मी मोटर बघायला जातो हे आमच्या चार भिंतींबाहेर कुणालाही माहीत नव्हतं."

बाईंनी उत्तर द्यायच्या आत मागून शिवणाच्या दुकानाच्या मालकीणबाई आल्या. एका हातात पणबाईचा कान होता. याही समितीवर होत्या.

"हिनंच लिहिलंय! कपांचं बाहेर बोलायचं नाही म्हणून शंभरदा सांगितलं होतं कार्टीला!"

"पण आई, मी नाही लिहिलं! मी आपल्या शिलाई मशीनवर लिहिलंय!"

"मग हे कप कुणाचे?"

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाले. "कप आमचे आहेत."

"तुमचे कसे? पंधरा वर्षं झाली, आमच्या वरच्या फळीवर आहेत."

"आमचे अठरा वर्षं आहेत. लग्नातले. आणि मोटर? मोटरचं काय?"

"आमचे हे पण मोटर बघायला जातात."

"तुमच्याकडे मोटर आहे?"

"नाही."

"मग?"

"मग तेच तर लिहिलंय!"

आता गर्दी जमली. ज्या कागदाची थोड्या वेळापूर्वी प्रत्येकाला लाज वाटत होती, त्याच्यावर हक्क सांगायला माणसं पुढे सरसावू लागली. कुणी म्हणालं, 'बरं' म्हणजे युद्ध हे तर आमच्या आईचं वाक्य. कुणी म्हणालं, पडदे आमचे, विचारा हवं तर शेजाऱ्यांना. एक बसचालक संकोचून म्हणाले, "आमच्याकडे मोटर आहे, पण ती बंद असते. मी तरी बघायला जातो." यावर थोडी चर्चा झाली आणि त्यांना बाद ठरवण्यात आलं.

मुलांचं मात्र मरण ओढवलं होतं. कागद आपलाच, हे एकदा ठरलं की तो आपल्याच दिवट्यानं लिहिला हेही ठरत होतं. हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यात चिमटे निघत होते, कान लाल होत होते, 'घरी चल, मग बघते' अशी वचनं दिली जात होती. बाईंनी मोजले. अकरा गुन्हेगार.

मोठ्या बाईंनी गोष्टीच्या बाईंना खांबाआड ओढलं.

"कुणी लिहिलंय ते?"

"मोठ्या बाई..."

"ज्यानं लिहिलंय त्याला पुढे आणा. डॉक्टरांची माफी मागू दे, विषय संपेल. साडेचार वाजलेत. पाच वाजता हेच डॉक्टर तुमच्या कागदावर सही करणार आहेत, ठाऊक आहे ना? हजेरी क्रमांक बघा!"

"नाहीत हो. कापले गेले."

"मामा!"

"कडा वाकड्या होत्या, मोठ्या बाई," मामा शांतपणे म्हणाले.

बाईंना तीन रस्ते दिसत होते. गप्प बसलं, तर अकरा पोरं मार खाणार. खरं बोललं, तर डॉक्टर आणि सही तर जाणारच, शिवाय संध्याकाळी ज्या घरात परत जायचं ते घर शेवटच्या बाकावर बसलेलं. आणि तिसरा रस्ता त्यांच्या समोर स्वतःच चालत आला. तो डॉक्टरांचा मुलगा होता. डावा कान लाल.

"बाई, सतरा नंबर मी लिहिलं."

"तू नाही लिहिलंस रे."

"नाही लिहिलं. पण बाबांना वाटतंय मीच लिहिलं. मी हो म्हटलं की त्यांचा राग लवकर संपेल. मग तुमचं पण काम होईल ना पाच वाजता? मामा म्हणत होते."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्या सरळ चालत गेल्या आणि व्यासपीठावर चढल्या.

"ऐका जरा! सतरा नंबर कोणत्याही मुलानं लिहिलेलं नाही. ते मी लिहिलंय. नमुना म्हणून. ते माझं घर आहे."

बाईंना खिडकीकडे बघायचा धीर झाला नाही.

"वा, बाई," मालकीणबाई म्हणाल्या. "मुलांना पाठीशी घालताय होय?"

"मन मोठं आहे तुमचं," डॉक्टर म्हणाले. "पण आम्ही काय दूधखुळे आहोत? तुम्ही आमच्या घरी कधी पाऊल टाकलं नाही, मग तुम्हाला हे कळणार कसं?"

"अहो, तुमचं घर नाही ते! माझं आहे! या बघा माझ्या सासूबाई, शेवटच्या बाकावर. विचारा त्यांना!"

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते बाईंना कळलं. सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. डॉक्टर स्वतः बाकापर्यंत गेले.

"आजी, खरं सांगा. तुमच्या घरी असं आहे? कप वरच्या फळीवर, मोटर, वगैरे?"

सासूबाईंनी पर्सची कडी बंद केली. डॉक्टरांकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"आमच्याकडे?" त्या म्हणाल्या. "काही नाही हो. आमच्याकडे तसलं काही नाही."

हॉलनं सुटकेचा श्वास सोडला. बाईंचा मात्र आत गेलेला बाहेर येईना, कारण या उत्तराचा अर्थ तिथल्या गर्दीत फक्त त्यांनाच कळत होता आणि तो भिंतीवर टाइप करून लावलेला होता.

अकरा पोरांचे कान मात्र सुटले. बाई इतकं स्वच्छ खोटं बोलल्यावर पालकांना आपापल्या मुलांवर हात टाकायची लाज वाटली. पणबाई आपला कान चोळत बाईंपाशी आली.

"पण बाई, मला एक सांगा. डॉक्टरकाका, आमची आई, ते बसवाले काका, सगळेच असं करतात. मग बेटावरच्यांना आपण वेडे का म्हणत होतो? त्यांची तर फक्त एक खुर्ची आहे."

बाईंना हे वाक्य भिंतीवर लावावंसं वाटलं. पण पाच वाजले होते.

राज्यकारभार

समिती मोठ्या बाईंच्या खोलीत बसली. दार बंद झालं. आत जायची मुभा एकट्या मामांना होती, चहा घेऊन. बाहेर बाकावर एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला सासूबाई, मध्ये दोन माणसांची जागा.

मामा पहिली फेरी करून आले. "डॉक्टर म्हणतायत, ही बाई घरात न येता एवढं लिहिते. घरात आली तर काय करील?"

"काढणार म्हणजे," बाई म्हणाल्या.

दुसरी फेरी. "तशी हवा आहे खरी. पण मालकीणबाई म्हणतायत, काढली तर दुसऱ्या शाळेत जाईल. तिथे सांगेल. मग तिसऱ्या शाळेत जाईल. तिथेही सांगेल."

तिसऱ्या फेरीला मामांना बराच वेळ लागला. ते रिकामा ट्रे छातीशी धरून बाहेर आले.

"काय झालं, मामा?"

"डॉक्टर म्हणाले, घरातलं माणूस घरातलं बाहेर बोलत नाही. त्यापेक्षा घरातलंच करून टाका. सगळ्यांनी हात वर केले."

पाठोपाठ मोठ्या बाई हातात कागद घेऊन आल्या.

"अभिनंदन. कायम. पाच वर्षांत एवढी एकजूट मी या समितीत पाहिली नाही. गोष्टींचा तासही राहील. फक्त एक अट घातलीय त्यांनी."

"कोणती?"

"यापुढे लांबच्याच देशांच्या गोष्टी सांगायच्या. जितका लांब तितका बरा."

"आणि मुलांची जाणीव?"

"झालीय ती पुरे आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

बाईंनी कागद पुन्हा पुन्हा वाचला. पाच वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो मधल्या ओळीत होता. आनंदानं उडी मारावी असा हा क्षण, पण बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेलं हवामान लक्षात घेता त्यांनी ती मारली नाही.

"आई, तुम्ही पुढे होता का? मला भिंत आवरायचीय."

"बसते," सासूबाई म्हणाल्या.

पाहुण्यांसाठी सूचना

हॉल रिकामा झाला होता. मामा टाचण्या काढत होते, बाई कागद एकावर एक ठेवत होत्या आणि घरी गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करत होत्या. 'आई, ते गमतीनं.' नको. 'आई, ते मुलांसाठी.' मुळीच नको.

एकतिसावा कागद हातात आला आणि तो आपण गुरुवारी वाचल्याचं त्यांना आठवेना. त्यांनी उजेडात धरला. खरोखरच त्यांनी तो वाचला नव्हता. गुरुवारी त्या झोपायला गेल्या तेव्हा तो गठ्ठ्यात नव्हताच.

'याच गठ्ठ्यात एका देशाविषयी एक कागद आहे. त्या देशात मी चाळीस वर्षं राहते. कागद चांगला लिहिलाय, पण काही चुका आहेत.

'जुनी राणी बोलत नाही हे खरं. नवी राणी भरभर बोलते, मध्ये शिरायला जागा सापडत नाही. जागा सापडेपर्यंत विषय संपलेला असतो. लोकांना वाटतं तिचंच चाललं.

'मोटरविषयी लिहिलंय ते बरोबर आहे. पुरुष वडिलांवर गेला आहे. ते टाकी बघायला जात. टाकीही नव्हती.

'कप पाहुण्यांसाठी नाहीत. नवी राणी परक्या देशातून आली त्या सकाळी ते तिच्यासाठी काढले होते. ती म्हणाली, असू द्या, मला साधाच चालेल. जुन्या राणीला वाटलं, आवडले नसतील. परत ठेवले. तिच्या देशात साधाच चालेल याचा अर्थ काय होतो, ते इथे कुणाला माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं.

'नवी राणी अजून घराबाहेर पडताना येऊ का म्हणून विचारते. आजारी पडली तर माफी मागते. तिला शाळेतून दरवर्षी कागद येतो, संपलं म्हणून, आणि मग दुसरा, सुरू म्हणून. मला वाटतं, तिला घरीही तसाच कागद येईल अशी भीती वाटते.

'येणार नाही. ती इथे कायम आहे. तसं लिहून द्यायची या देशात पद्धत नव्हती.'